शिट्टी

बैलगाड्यांना ट्रकच्या आधी आत सोडतो म्हणून मालक शेठजींनी खेमसिंगच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली होती. नेरजवळच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकावर वीस वर्षं तो कापसाच्या गाड्यांना त्याच शिट्टीवर बोलावायचा. आज त्याच्यादेखत त्याची इंजिनिअर लेक उज्ज्वला जिनिंगचा कारभार शेठजींना कॉम्प्युटरवर चालवून दाखवत होती. पडद्यावर ठिपक्यांच्या गाड्या येत, वजनकाट्यावर थांबत, रिकाम्या होऊन जात. "नंबरानं सोडल्या तर गाडीमागं सरासरी तीन तास थांबावं लागते," ती म्हणाली, "थोड्या मालाच्या बैलगाड्या आधी सोडल्या तर दोनच." "हा नियम कोण्या पुस्तकातला?" शेठजींनी विचारलं. "पुस्तकात बी हाये. पण मले बानं शिकवला." शेठजींनी खणातून शिट्टी काढली. खेमसिंगनं ती गळ्यात घातली आणि ताठ मानेनं फाटकावर जाऊन खणखणीत वाजवली. रांगेत उन्हात उभे असलेले बैल कोणी कासरा हलवायच्या आधीच चालू लागले.