पाठीवरचा मान

निवृत्त झालेल्या डुंबरे मॅडमना जुन्या विद्यार्थ्यांच्या बातम्या आता मोबाईलवरच कळायच्या. कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न ठरलं. रिकाम्या घरात बसून त्या सगळ्यांना 'अभिनंदन' लिहायच्या. गोरख मात्र तेवढ्यावर ऐकेना. लेकीच्या बारशाला त्यांना गाडीत घालून थेट येडगावला घेऊन आला.

मॅडम संकोचून मागच्या खुर्चीत बसल्या. नाव ठेवायची वेळ झाली, तशी गोरखची आई धोंडाबाई त्यांच्याकडं वळली.

"चला मॅडम, आत्या तुमीच. गोरखला भन न्हाई. कॉलेज सोडून घरी पळून आला, तवा कान धरून तुमीच परत नेला व्हता."

मॅडम पाळण्यावर वाकल्या. त्यांनी बाळाच्या कानात नाव सांगितलं. आता आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. पण बायकांचे उचललेले हात तसेच थांबले. कॉलेजच्या मॅडमना मारायचं कसं? सगळ्या एकमेकींकडं बघू लागल्या.

मॅडम वाकलेल्याच राहिल्या.

"थांबलात का गं?" त्या हळूच म्हणाल्या. "आत्याच आहे ना मी?"