उजवीकडची जागा

"पुन्हा नाव मधात आनलं हिनं," घेवरचंद सेठ रत्नमालाच्या खांद्यामागून कॉम्प्युटरकडे बघत पुटपुटले. "सांगितलं कोनं होतं?"

सांगणारी समोरच गादीवर लोडाला टेकून बसली होती. अंगुरीबाई, सेठजींच्या पत्नी. पण सेठजी तिकडे बघतही नव्हते. त्यांचा सगळा राग कॉम्प्युटरवर, नाहीतर कॉम्प्युटरपुढच्या रत्नमालावर.

रिसोडच्या या अडत दुकानात माल विकला की शेतकऱ्याच्या हातात जी छापील पट्टी पडते, ती रत्नमालानं बनवलेली. मोबाइलवर बघून बघून शिकली होती. पट्टीच्या माथ्यावर दोन चौकटी होत्या. डावीकडे सेठजींचं नाव, उजवीकडे त्यांच्या मुलाचं, अर्हमचं. एका रेषेत, एका उंचीच्या. उन्हाळ्यात अर्हमनं रत्नमालाच्याच गल्लीतल्या धम्मदीपा नावाच्या मुलीशी कोर्टात लग्न केलं आणि तिकडेच राहायला गेला. दुसऱ्या दिवशी अंगुरीबाईंनी त्याची चौकट काढायला लावली. सेठजी मान पाडून बसले होते. का काढायची, ते कोणी बोललं नाही. पोरगी बौद्धाची म्हणून, हे बौद्धाच्याच बाईसमोर कोण म्हणणार? उलट त्या दिवसापासून दुकानातला पहिला चहा रत्नमालाला मिळू लागला. तो तिनं गिळला. त्याच्यासोबत बाकीचंही गिळलं.

आता सोयाबीन बाजारात यायला लागलं होतं. नव्या पट्ट्या उद्या लागणार होत्या. आणि उरलेली एक चौकट कुठे ठेवायची, यावरून सकाळपासून दुकान पेटलं होतं.

"डावीकडं होती तशी ने," सेठजी म्हणाले.

तिनं नेली. चौकट एकटी कधी सरकत नाही. खालचे वजनाचे, भावाचे रकाने, शेवटची बेरीज, सगळं पुन्हा रेषेत ओढावं लागतं.

"अर्धा कागद ओका दिसते," अंगुरीबाई गोड आवाजात म्हणाल्या. "लोकं इचारतात मंग, इथं कोन होतं म्हनून. मधात घे रत्नमाला, शोभते."

तिनं घेतली.

"नाव माह्यं हाय का तुह्यं?" सेठजींनी रत्नमालाच्या टेबलावर हात आपटला. "डावीकडं!"

मुनीम गोविंदसिंगला राहवलं नाही. "सेठजी, उजवीकडं सोयाबीनच्या शेंगाचं चित्र टाकू. जागा भरून निंगते."

"तुह्या टकुऱ्यात टाक शेंगा!"

रत्नमालानं माउस असा सोडला की तो टेबलाखाली लोंबकळत राहिला.

"तुमचं दोघाईचं भांडन माह्या स्क्रीनवर कायले करता?" ती उठूनच उभी राहिली. "एक मधात म्हनते, एक बाजूले. एकमेकाईशी बोलत नाही अन् मले खडसावता! इथं सरकवलं का हंगामभर हरेक पट्टीवर तसंच छापून येते. नोकरीवरून काढाचं तर काढा, पन साफ सांगा. उजवीकडची जागा भराची का ओकी ठेवाची?"

गोविंदसिंग पोत्यांकडे बघू लागला. काट्यावरचे हमालही थांबले.

"भराची," अंगुरीबाई म्हणाल्या. आवाजातला गोडवा सरला होता. "जो नाही, त्याची जागा कायले ठेवाची?"

घेवरचंद सेठ सकाळपासून पहिल्यांदा बायकोकडे वळले.

"पोरगं मेलं नाही, अंगुरी!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की रस्त्यावरच्या जीपमधली माणसं वाकून बघू लागली. "धम्मदीपासंगं लग्न केलं त्यानं. एवढंच झालं."