तांब्याभर ताक

इंदूबाईंनी टाकीचं झाकण उचललं, पदराआडचा तांब्या काढला आणि सगळं ताक आत ओतलं. आंबट ढाण. ओतण्याआधी वर तरंगणारा लोण्याचा गोळा मात्र त्यांनी बोटाने काढून घेतला. नासवायला ताक पुरे. लोणी कशाला वाया घालवा?

मग टाकीला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि त्या घरात निघून गेल्या.

कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. ज्या यंत्रावर घर चालतं त्याला हळदकुंकू लावल्याशिवाय दिवस सुरू करायचा नाही, ही त्यांची पद्धत. पूर्वी पत्रा वाकवायच्या मशीनला लावायच्या. मनीषनगरच्या घरामागच्या या शेडमध्ये तेव्हा कूलर बनत. नागपुरात ऊन आहे तोवर कूलर आहे, असं त्यांचे यजमान म्हणायचे. ऊन राहिलं, यजमान गेले. मुलाने, मुकुंदने, मशीन भंगारात दिलं आणि चकचकीत टाक्या आणल्या. शेडच्या पुढच्या अंगाला टेबलं मांडली. इथेच बनवायची, इथेच पाजायची. ताजी बिअर.

"आई, साऱ्या जगात चालू हाय वं हे. हनोई, तैपेई, बँकॉक."

"त्यायच्याकडं कूलर नसन."

भजनी मंडळात इंदूबाईंनी सांगून ठेवलं होतं की पोराने सरबताचा कारखाना काढला. आता मंडळ सरबत प्यायला येतो म्हणत होतं. सगळ्या. टाळ घेऊन.

म्हणून ताक. पहिली बिअर नासेल. लोक थुंकतील. मुकुंद हरेल. हरला की कूलर.

नवतपा चालू होता, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. त्याच दुपारी लाइट गेली. टाकीतला जवाचा काढा थंड करायचं यंत्र बंद पडलं आणि काढा दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच कोमट पडून राहिला. विक्कीने, म्हणजे बिअर करायला पुण्याहून आणलेल्या माणसाने, सकाळी तो चमचाभर चाखला. त्याचं तोंड वाकडं झालं. त्याने मुकुंदकडे पाहिलं. मुकुंद फोनवर कुणाला तरी उद्घाटनाचं आमंत्रण देत होता.

विक्कीने चमचा धुऊन ठेवला. नवी नोकरी होती. त्याने काढा पुन्हा उकळला, आंबटपणा झाकायला संत्र्याची साल जास्तीची टाकली, यीस्ट टाकलं, झाकण घट्ट लावलं. आणि देवबिव मानत नसूनही टाकीवरच्या कुंकवाला हात लावून तो हात छातीला लावला.

उद्घाटनाला उन्मेष आला. मुकुंदचा शाळासोबती. आशियातली शहरं पालथी घालून गल्लीबोळातले बिअरचे पब शोधायचे आणि त्यांचे व्हिडिओ करायचे, हा त्याचा धंदा. तो बरं म्हणाला की गर्दी, वाईट म्हणाला की कुलूप.

इंदूबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना थुंकलेलं बघायचं होतं.

उन्मेषने घोट घेतला. डोळे मिटले.

थुंक बाबू, इंदूबाई मनात म्हणाल्या.

त्याने गिळला. दुसरा घेतला.

"काबे मुकुंद, काय करून राहिला बे तू हे?"

मुकुंदचा चेहरा उतरला. विक्की काउंटरमागे आणखी मागे सरकला.

"हनोईत प्यालो, तैपेईत प्यालो, बंगळूरची त गोष्टच सोड. अशी आंबट कुठंच भेटली नाही मले. एकदम जिवंत हाय बे! आण अजून."

मग सगळ्यांनाच हवी झाली. टेबलं वाजायला लागली. शेजारचे वकीलसाहेब, जे फक्त कोपऱ्यात बसून नावं ठेवायला आले होते, तेही मिशीवरचा फेस जिभेने टिपू लागले.

"आता हीच बनव, जिंदगीभर," उन्मेष म्हणाला. "पण हे आणलं कुठून?"

मुकुंदने विक्कीकडे पाहिलं. विक्कीने छताकडे.

"त्याचं असं आहे," विक्की म्हणाला, "फार संशोधन लागलं. शेवटी जर्मनीहून कल्चर मागवलं, विरजणच म्हणा."

"जर्मनीहून," मुकुंद अभिमानाने म्हणाला. त्यालाही आत्ताच कळत होतं.

दारात इंदूबाई ताठ झाल्या.

जर्मनी? ते विरजण त्यांच्या आईचं. लग्नानंतर नरखेडहून निघताना मांडीवरच्या डब्यात, एसटीत, न सांडता आणलेलं. तेव्हापासून या घरात एकही दिवस मोडलेलं नाही. सासूबाई खाष्ट होत्या, पण दह्याला त्यांनीही कधी नाव ठेवलं नव्हतं.

त्यांना फक्त गप्प बसायचं होतं. पुढची टाकी विक्कीला जमणार नव्हती. लोक तेव्हा थुंकले असते. मुकुंद तेव्हा हरला असता. उन्हाळा दरवर्षी येतोच.

गप्प बसायचं. एवढंच.

इंदूबाई आत आल्या. मधल्या वाटेने, टेबलांमधून, सरळ काउंटरपर्यंत. त्यांनी भरलेला ग्लास उचलला.

"आई," मुकुंद घाबरून म्हणाला, "ते सरबत नाही वं."

त्यांनी मान मागे टाकली, ग्लास ओठांना न लावता उंच धरला आणि परक्या घरचं पाणी प्यावं तशी वरून धार सोडली. गटागट. अर्धा ग्लास. थोडा फेस नाकावर पडला. कुणी हसलं नाही.

जीभ टाळूला लावून त्या क्षणभर थांबल्या. पदराने नाक पुसलं. आणि मुलाकडे नाही, उन्मेषकडे नाही, विक्कीकडे बघत म्हणाल्या,

"मीठ टाकाचं राहिलं गा माह्याकडून."