नन्दी

"मी फार लांबवणार नाही," असं म्हणून सहाव्या वक्त्यानं माइक तोंडाजवळ ओढला, तेव्हा कुंजंबू मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. वाचनालयाच्या चिटणिसाला व्यासपीठावर उघड उघड कपाळ बडवता येत नाही, म्हणून त्यांनी घाम पुसल्यासारखं केलं.

विषय होता 'जगाचं भविष्य : तरुणांशी संवाद'. तरुण आले होते, हेच मुळात नवल. केरळातल्या कण्णूरकडच्या या गावात विशीतलं पोर वाचनालयाची पायरी चढेनासं झालं होतं. मास्तरांनी घरोघरी जाऊन, हातापाया पडून चौघांना आणलं होतं. त्यांतली शिम्ना सहजासहजी तयार झाली नव्हती.

"मास्तर, आमच्या विहिरीत समुद्राचं पाणी आलंय. आम्ही चौघं बसलो की हेच बोलतो. या जगात पुढे पोरं जन्माला घालायची की नाही? तुमची उत्तरं नकोत आम्हाला. मोठ्यांनी एकदा गप्प बसून नुसतं ऐकायचं. जमेल?"

"शब्द देतो," मास्तर म्हणाले होते.

शब्द देणं सोपं. पत्रिकेतून नाव गाळणं महाकर्मकठीण. आधी स्वागत, मग अध्यक्ष, मग उद्घाटन, मग आशंसा, म्हणजे शुभेच्छांचे दोन शब्द, आणि शेवटी नन्दी, म्हणजे आभार. याशिवाय इथे सभा होत नाही आणि नन्दी झाल्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. आशंसेला सहकारी बँकवाल्याला बोलवावं, तर व्यापारी संघवाला रुसणार. असं करत करत सहा जण झाले होते. प्रत्येकाचे दोन शब्द अर्धा अर्धा तास चालले होते.

पोरं सुरुवातीला पहिल्या रांगेत बसली होती. पण अध्यक्ष करुणेट्टननी व्यासपीठावरूनच हाक दिली, "अरे, पाव्हण्यासारखे बसलात काय? चहा फिरवा की!" तेव्हापासून चौघं काळा चहा आणि डाळवडे घेऊन खुर्च्यांमधून फिरत होती.

"तरुणांनो!" सहावा वक्ता कडाडला. "जगाचं भविष्य तुमच्या हातात आहे!"

हे वाक्य आज सहाव्यांदा आलं होतं. समोरची म्हातारी मंडळी तरीही मान डोलवत होती. नन्दी शेवटी असली, तरी नंदीबैल पहिल्यापासून हजर होते. मास्तरांनी 'कृपया आटपा' अशी चिठ्ठी पुढे सरकवली. वक्त्यानं ती वाचली, उलटी केली आणि तिच्यावर अर्धा खाल्लेला वडा ठेवला.

तो बसेपर्यंत अंधारून आलं. माइकवाला वायर गुंडाळायला लागला. त्याला पलीकडच्या देवळात रात्रीच्या तेय्यमला, देवाच्या नाचाला, माइक न्यायचा होता.

"वेळ झाल्यामुळे संवाद पुन्हा कधीतरी ठेवू," करुणेट्टन म्हणाले. "आता नन्दी. शिम्ना, ये गं."

मास्तर अर्धवट उठले. "करुणेट्टा, पोरांना दहा मिनिटं तरी द्या हो. सभाच त्यांच्यासाठी आहे!"

"मग नन्दी कुणाला दिलीय? पोरीलाच ना?"

हशा पिकला. मास्तर खाली बसले. त्यांना संताप आला होता. करुणेट्टनचा आला होता, सहाही वक्त्यांचा आला होता, आणि आपण खाली बसलो याचा सगळ्यात जास्त आला होता.

शिम्ना रिकामा ट्रे काखेत धरूनच माइकपाशी आली.

"सगळ्यांनी सांगितलं, भविष्य आमच्या हातात आहे," ती म्हणाली. मग तिनं ट्रे वर उचलून दाखवला. "आमच्या हातात हा होता. सर्वांना नन्दी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. करुणेट्टन खूश होऊन वक्त्यांकडे वळले. "थोडक्यात आणि गोड! शिका जरा पोरीकडून!"

लोक चपला शोधायला लागले. चौघं दाराबाहेर पडली, तसे मास्तर गर्दीतून वाट काढत पायऱ्यांपर्यंत धावले.

"शिम्ना, थांब. त्यांचं सोड. तुम्ही मला सांगा, मी ऐकतो. रात्रभर ऐकतो."

ती थांबली. क्षणभर वाटलं, आता बोलेल. मग तिनं ट्रे मास्तरांच्या हातात दिला.

"नन्दी झाली ना, मास्तर."