दह्याच्या भांड्यामागे

सुहासिनीबाईंनी ती ट्यूब चिमट्यात धरली होती. हात लांब, मान मागे, पदर नाकाला. मेलेला उंदीर धरावा तसा थाट.

"नीरजा, हे दह्याच्या भांड्यामागे काय सापडलं मला?"

नीरजा तान्ह्या लेकीला खांद्यावर थोपटत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. ट्यूबवर सगळं इंग्रजीत लिहिलेलं होतं आणि सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं. पण ट्यूबला रबरबँडने एक प्लॅस्टिकचं लांबुडकं नळकांडं बांधलेलं होतं, आणि ते कुठे जातं हे कळायला इंग्रजी लागत नाही.

"मलम आहे, आई. मूळव्याधीचं. दुकानदार म्हणाला, उन्हाळा आहे, गार जागी ठेवा, नाहीतर पातळ होतं."

"शी शी शी! विरजणाला खेटून? देवाला नैवेद्य दाखवते मी त्या दह्याचा!"

ट्यूब केराच्या डब्यात गेली. चिमटा मोरीत गेला. दह्याचं अख्खं भांडं ओतून दिलं गेलं. मग सुहासिनीबाई राखेने हात घासत बसल्या नाहीत, उभ्याउभ्याच घासत राहिल्या, आणि घासताना त्यांचं तोंड चालू होतं.

नीरजाच्या डोक्यात तिडीक गेली. त्या ट्यूबसाठी तिने काय सोसलं होतं! कसबा पेठेतला दुकानदार ओळखीचा म्हणून ती ओली बाळंतीण उन्हातून बुधवार पेठेत चालत गेली. तर तिथला मेला काउंटरवरून ओरडला, "मूळव्याध ना? आतून लावायचंय की बाहेरून?" सगळी गिऱ्हाइकं माना वळवून तिच्याकडे बघायला लागली. धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं तिला. "दोन्ही," ती पुटपुटली. मग त्याने ते नळकांडं हातात नाचवत, टोकाला आधी मलम चोळा, जोर लावू नका, वापरून झालं की गरम पाण्याने धुवा, असं सगळं खणखणीत आवाजात समजावलं. घरी आल्यावर नीरजाला स्वतःचीच किळस आली होती. मोरीचं दार लावून, भिंतीला टेकून, ओठ दाताखाली धरून ती ते लावायची, आणि बोटं साबणाने धुऊन धुऊन पांढरी पडायची.

"आठवडाभर लावा," प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "तरी रक्त थांबलं नाही, तर लाजत बसू नका. तपासायला या." आठवडा काल संपला होता. आज सकाळी पुन्हा रक्त पडलं होतं.

"मी आज दवाखान्यात जाऊन येते, आई."

"कशाला? परक्या माणसापुढे तसली जागा उघडी टाकायला?"

"बाई आहेत त्या."

"बाई असली म्हणून काय झालं! आमची काय बाळंतपणं झाली नाहीत? गेलो का आम्ही गावभर दाखवत?"

"अहो, रक्त पडतंय मला!"

सुहासिनीबाईंचे हात क्षणभर थांबले. "पडतं आणि थांबतं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा घासू लागल्या.

ही बाई किळसेवरच जगते, नीरजाला वाटलं. लग्नाला गेली तरी स्वतःची घडी घातलेली गोधडी बरोबर, लोकांच्या खुर्च्या घाणेरड्या म्हणून. पंगतीला कधी बसायची नाही, वाढून झाल्यावर ओट्याशी उभी राहून बिनतिखटाचे चार घास खायची. साताऱ्याला सख्खी बहीण आजारी होती, पण स्वारगेटहून एसटीत चढली नाही; सीटवर कोण कोण बसून गेलेलं असतं म्हणे. पहाटे मोरीला कडी लावून तासभर अंघोळ. लुगडं स्वतः धुणार, स्वतः वाळत घालणार, आणि दुसऱ्या कुणाचं बोट लागलं की थयथयाट. श्रीनिवासला सांगावं तर तो पेपरातून डोकं काढायचा नाही. "आईचं सोवळं आहे गं ते," एवढंच. सोवळं कसलं, माणसांचा विटाळ झालाय हिला!

"जायचं तर जा," सुहासिनीबाई म्हणाल्या. "पण तसली औषधं अंगाला लावून माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

"नाही टाकत."

नीरजाने पिशवी काढली. बाळाची दुपटी भरली, झबली भरली, मग स्वतःच्या साड्याही भरल्या. दवाखान्यातून थेट माहेरी. श्रीनिवासला हवं तर त्याने तिकडे यावं. रडू येत होतं, पण ते तिने गिळलं. या घरात रडायचीही लाज वाटायला लागली होती.

ती चपला घालत होती, तेवढ्यात स्वयंपाकघरात केराच्या डब्याचं झाकण वाजलं.

सुहासिनीबाई दारात आल्या. काखेत घडी घातलेली गोधडी. हातात ती ट्यूब, चहाचा चोथा चिकटलेली. चिमटा नव्हता. पदर नाकाला नव्हता.

"मीही येते," त्या म्हणाल्या. "रिक्षा बघ."

नीरजाला राहवलं नाही. "रिक्षाच्या सीटवर कोण कोण बसून गेलेलं असतं, आई. तुम्हाला चालेल?"

सुहासिनीबाईंनी मान खाली घातली. ट्यूबवरचा चोथा त्यांनी बोटाने पुसला, आणि मग तेच बोट लुगड्याला.

"मला बसवतच नाही गं. श्रीनिवास झाला तेव्हापासून. तुझ्या त्या डॉक्टरीणबाई एका खेपेत दोघींना बघतील का?"