बदलून दिलेलं पुस्तक

"हे पुस्तक बदलून द्या," बाई म्हणाल्या. बारा वर्षांच्या लेकीसाठी त्यांनी माझ्या दुकानातून अशी सहा पुस्तकं नेली होती. प्रत्येकात एकटी पोरगी, मोडकं यान आणि मागे जळून गेलेला ग्रह.

विकलेलं पुस्तक मी परत घेत नाही. "पानं सुटलीत का?" मी जरा तुसडेपणानंच विचारलं.

"नाही. शेवटी हिची आई जिवंत निघते."

"अहो, तीच तर गंमत आहे. पोरी ते पान पुन्हा पुन्हा वाचतात."

"म्हणूनच नको. मी आधी वाचून बघते आणि मगच तिला देते. बाकीच्या पाचजणी आईशिवाय निभावून नेतात. यान दुरुस्त करतात, धाकट्या भावाला सांभाळतात, रडतात आणि पुढे जातात. त्यांचं बघून माझी लेक आता वेणीसुद्धा स्वतःची स्वतः घालते."

मला रागच आला. पुस्तकातल्या पोरीला आई परत मिळाली, तर यांचं काय जातंय? तरी मी फळीवरचं दुसरं काढून दिलं. "हिची आई पहिल्याच पानावर जाते. परत येत नाही."

"हे चालेल." त्यांनी एका कागदावर घरचा पत्ता लिहून माझ्यापुढे सरकवला. "याचा पुढचा भाग जूनमध्ये येणार ना? आला की लेकीच्या नावानं पाठवून द्या."

"पाठवायचं कशाला? तुम्ही येताच की दर महिन्याला."

"डॉक्टर मार्चपर्यंत म्हणतायत."