नारळावरचा हात

महादेवने नारळ उचलला, पण पुढे केला नाही. गावदेवीच्या देवळात सगळी आळी जमली होती. गुरव गाऱ्हाणं घालायला थांबला होता. उमेदवार धनेश पायरीशी चपला काढून हात जोडून उभा होता, आणि त्याच्या गळ्यात महादेवच्या पक्षाचं उपरणं होतं.

मागच्या निवडणुकीत याच देवीसमोर महादेवने आळीला शपथ घ्यायला लावली होती. धनेशला मत द्यायचं नाही. धनेश तेव्हा दुसऱ्या पक्षात होता आणि भाषणांतून देवाधर्माची टिंगल करायचा. महादेवचा पक्ष त्याच्या वडिलांपासूनचा. देव, घर आणि दिलेला शब्द, राजकारणातलं एवढंच त्याला कळत होतं, आणि एवढं पुरतं असं तो धरून चालला होता. त्या दिवशी त्याने दोन्ही हातांत नारळ धरला, डोळे मिटले, आणि एकेकाने येऊन त्यावर हात ठेवला.

चंद्रावतीने ठेवला नाही. ती त्याची धाकटी बहीण, आळीतच दिलेली. तळोजाच्या कारखान्यात तिच्या नवऱ्याचा श्वास कोंडला तेव्हा धनेशने गाडी पाठवून त्याला इस्पितळात पोचवलं होतं. माझं मत त्यालाच, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

तिला वाळीत टाकलं असं कोणी म्हटलं नाही. फक्त बोलावणी बंद झाली. हळदीचं नाही, बारशाचं नाही. तिच्या मुलीच्या लग्नाला आळीतलं कोणी गेलं नाही, महादेवही नाही. मुलीच्या मागे मामा म्हणून नव्या टॉवरमधला एक शेजारी उभा राहिला. त्या दिवशी महादेव घराचं दार लावून बसला होता. बँडचा आवाज तरीही आत येत होता.

एवढं करून धनेश निवडून आला. टॉवरवाल्यांनी आणला, असं महादेव सांगत असे.

आता तो पक्षातच आला होता. तिकीटही त्यालाच मिळालं होतं. पनवेलहून पक्षाचा परेश समजूत घालायला आला, तेव्हा महादेवने त्याला शपथेची अडचण सांगितली. व्यासपीठावर धर्मावर तासभर बोलणारा परेश हसला.

"काका, टेन्शन नका घेऊ. गुरवाशी बोलणं झालंय, तो सोडवून देईल. देवीलाही कळतं हो राजकारण."

महादेवला ते वाक्य लागलं. पण मग त्याच्या मनात दुसरी गोष्ट आली. शपथच सुटली, तर चंद्रावतीचा गुन्हा राहतो कुठे? तिला परत बोलावता येईल. देवीसमोर, सगळ्यांसमक्ष. त्या एका आशेवर तो हो म्हणाला होता.

त्याने नारळ पुढे केला. माणसं आली, हात ठेवून बाजूला झाली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, झालेली चूक पोटात घे म्हणाला, नारळ फुटला. धनेश महादेवच्या पाया पडला. परेशने फोटो काढले. खोबरं वाटलं गेलं.

घामाने भिजलेला महादेव कठड्यावर बसला. त्याचा पुतण्या भरत खोबरं चघळत शेजारी टेकला आणि म्हणाला की काका उगाच जिवाला लावून घेतो. आळीने मागच्या वेळीही धनेशलाच मत दिलं होतं. रस्ता त्याने केला होता, पोरांना कामाला त्याने लावलं होतं, दुसऱ्या कोणाला देणार?

महादेवने विचारलं, "आनि शपथ?"

"डावा हात ठेवला व्हता ना," भरत म्हणाला. "डाव्या हाताची शपथ देवीला लागत नाय. मी घरोघर सांगून आल्तो. तुमी डोळं मिटून व्हते, आमचं काम सोपं झालं."

जवळ उभ्या असलेल्या दोघातिघांना हसू आलं. त्यात वाईट हेतू नव्हता. एखादी जुनी गंमत आठवावी तसे ते हसले.

महादेव उठला आणि चंद्रावतीच्या घराकडे चालू लागला. रस्त्याला दोन्ही बाजूंनी झेंडे बांधले होते. त्याने वर पाहिलं नाही.

ती ओट्यावर सुपात जवळ्याची सुकट निवडत बसली होती. त्याला पाहून तिने पदर सारखा केला, पण बस म्हणाली नाही. तो उभ्यानेच बोलला. शपथ सुटली. आता कोणाचं काही नाही. नवरात्रात आळीतल्या बायकांबरोबर ओटी भरायला ये.

"मी जाते ना देवीकडं," ती म्हणाली. "भर दुपारची. देऊळ रिकामं असतं तवा. आता तीच सवय झाली."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं. आत भिंतीवर मुलीच्या लग्नाचा फोटो होता. मामाच्या जागी उभ्या असलेल्या माणसाचं नावही महादेवला ठाऊक नव्हतं.

"भरत तुझ्याकडं पन आल्ता?" त्याने विचारलं.

"आल्ता."

जन्मभर शब्दाला जागलेला महादेव खांबाला धरून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "तू पन डावा ठेवायचास, बाय."

चंद्रावतीने सूप खाली ठेवलं.

"ठेवला असता," ती म्हणाली. "पन नारळ तुझ्या हातात व्हता, दादूस."